अनुभव धागा : चर्चमध्ये ‘आपण इथले’ असं कधी वाटलं?

मागच्या रविवारी उपासनेनंतर चहा घेताना एक ताई म्हणाल्या, “सहा महिने येतेय. इथे सगळे हसतात, पण घरी कुणी बोलवत नाही.” घोट घशातच अडकला. आमच्याकडे स्वागत समिती आहे, छातीवर बिल्लेसुद्धा! तर मंडळी, तुम्हाला कधी आपलेपणा वाटला, कधी नाही, दोन्ही लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

नगरची लेक : आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक वेदीपुढे बाजरी, भोपळे, अंडी, कोंबड्या आणून ठेवतात आणि उपासना आटोपली की आवारात लिलाव. वडील गेले त्या वर्षी आईकडे द्यायला काही नव्हतं. परसातल्या शेवग्याच्या पाच शेंगा जुडी बांधून नेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिली बोली २० रुपये. घेणाऱ्याने पैसे भरले आणि “पुन्हा लावा” म्हणत जुडी परत दिली. दुसऱ्यानेही तेच. जुडी सात वेळा विकली गेली. ३७५ रुपये मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) खात्यात, आणि शेंगा शेवटी आमच्याच पिशवीत. पाकिटातून मदत दिली असती तर आईने घेतली नसती. घरी येताना ती ताठ चालत होती.

झांजवाला : नोकरीसाठी मुंबईत आलो. एका मोठ्या चर्चमध्ये (नाव घेत नाही) चार महिने गेलो, कुणी नावही विचारलं नाही. मग लोकलमध्ये ओळख झालेल्या एका काकांबरोबर त्यांच्या छोट्या मराठी मंडळीत गेलो. गाणी बसवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “तबला येतो?” नाही. “मग झांजा धर.” सहा वर्षं झाली, ताल अजून चुकतो. एकदा तापामुळे गेलो नाही, तर संध्याकाळी दोघे दारात, डब्यात पेज. झांजा माझ्याकडेच राहिल्या होत्या, त्याही हव्या होत्या म्हणा!

वसईकर : वाडीच्या क्रूसापाशी मे महिन्यात संध्याकाळी प्रार्थना. ज्या घराची पाळी, त्यांचे उकडलेले चणे. भाऊबंदकीत दहा वर्षं अबोला धरलेल्या दोन घरांच्या पाळ्या लागोपाठ आल्या. बोलले नाहीत. पण दोन्ही दिवस पातेलं एकाच घरचं होतं.

एक सभासद : कडू लागेल, तरी लिहितो. मंडळीत जात कुणी विचारत नाही. मूळ गाव कुठलं, मामा कुठले, एवढंच विचारतात आणि समजायचं ते समजून घेतात. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. इथे बाप्तिस्मा झालेलेच सोयरिकीच्या वेळी वेगळे होतात. माझ्या बहिणीचं स्थळ यावरूनच मोडलं. मंडळीच्या प्रीतिभोजनात, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र जेवणात, ज्यांनी आम्हाला आग्रहाने वाढलं होतं, त्यांनीच मोडलं.

धागाकर्ती : दादा, हे चहाच्या वेळी कुणी बोलत नाही. बरं केलंत लिहिलंत.

पाळकीणबाई : पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) बदल्या होतात, त्यामुळे २६ वर्षांत सात मंडळ्या पाहिल्या. सगळ्यांचे वाढदिवस माझ्या वहीत, माझा कुणालाच ठाऊक नसायचा. चौथ्या मंडळीत संडे स्कूलच्या पोरांनी तो कुठून तरी शोधून काढला. दारात उभी राहून गाणं म्हणाली आणि लगेच, “बाई, केक?” केक कुठला! डब्यात रव्याचे चार लाडू होते, पोरं नऊ. सुरी आणली.