मोरोक्कन संत्रं-ऑलिव्ह सॅलड : प्रमाण लिहा, बिघडतं कुठे तेही लिहा

मोरोक्कोत ताजीनच्या, म्हणजे मातीच्या भांड्यात मंद शिजवलेल्या रश्श्याच्या, आधी लहान ताटल्यांत चार-पाच सॅलडं येतात, सोबत खुब्ज, म्हणजे तिथला गोल पाव. त्यातलं संत्रं आणि काळ्या ऑलिव्हचं खारट-तिखट सॅलड हा धाग्याचा विषय. दालचिनी आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी घातलेलं गोड संत्रं जेवणानंतरचं, ते इथे नको.

*

चौघांसाठी: मोठी संत्री ४, काळी ऑलिव्ह १५-२०, लाल कांदा अर्धा, ऑलिव्ह तेल २ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा, भाजून कुटलेलं जिरं अर्धा छोटा चमचा, पाप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड) तेवढीच, मूठभर पार्सली किंवा कोथिंबीर. संत्र्याची दोन्ही टोकं उडवा, उभं ठेवा आणि सुरीने वरून खाली साल उतरवा, पांढऱ्या भागासकट. हाताने सोललं तर तो चिकटून राहतो आणि कडू लागतो. मग अर्ध्या सेंटिमीटरच्या आडव्या चकत्या. याहून पातळ मोडतात.

*

नागपुरी संत्र्याच्या नादाला लागू नका. साल सुटी, मध्ये पोकळ, बिया भरपूर, त्यामुळे चकती धरत नाही. नेव्हल, म्हणजे बिनबियांचं घट्ट सालीचं संत्रं, उत्तम. मोसंबी चालेल, पण आंबटपणा कमी म्हणून लिंबू दुप्पट. चिरून ठेवली की कडवटते, तेव्हा ऐनवेळी चिरा.

*

पिझ्झावरची बाटलीतली ऑलिव्ह इथे अगदीच फिकी. कोरड्या मिठात मुरवलेली, सुरकुतलेली हवीत. ती फार खारट असतील तर दहा मिनिटं पाण्यात ठेवा. मीठ चव बघूनच, बहुतेकदा लागतच नाही.

*

सॅलड पाणचट होतं ते आधी मीठ घातल्याने. चकत्या पसरट ताटलीत लावा, वर कांदा-ऑलिव्ह, आणि तेल-लिंबू-मसाला फेटून वाढताना ओता. सगळं मिसळून फ्रीजमध्ये ठेवलंत तर तेल गोठून पांढरे कण दिसतात. कांदा कागदासारखा पातळ चिरून दहा मिनिटं गार पाण्यात. ही पायरी गाळली तर संत्रं हरतं!

*

पाप्रिका नसेल तर काश्मिरी मिरचीपूड, पण पाव चमचाच.

*

खारवलेलं लिंबू घातलं तर चालेल का?

*

चालेल. गर काढून टाका, साल धुऊन बारीक चिरा, पाव लिंबाची पुरे. मग वरून मीठ अजिबात नको आणि ताज्या लिंबाचा रस निम्मा.