‘लसविरोध’ हा शब्द खटकतो. दुसरा कोणता?

व्हॅक्सिन हेझिटन्सीसाठी मराठीत बऱ्याचदा ‘लसविरोध’ लिहिलेलं दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आरोग्यापुढच्या दहा धोक्यांत हिचा समावेश केला, तेव्हा अर्थ असा दिला होता: लस उपलब्ध असूनही ती घ्यायला कचरणं किंवा नकार देणं. म्हणजे नकार हा त्यातला एक भाग. कचरणाऱ्यांचं काय?

एप्रिल २०२१ मध्ये ४५ वर्षांवरच्या सर्वांना लस खुली झाली. मावशीला फोन केला तर म्हणाली, “घ्यायचीये गं, पण बघू. शेजारच्या वहिनी दोन दिवस तापाने पडून होत्या.” ती चार घरची कामं करते. दोन दिवस खाडा म्हणजे पगारात कपात. पुढे भिशीतल्या मैत्रिणीने लस घेतली, तिला काही झालं नाही, तशी मावशी दुसऱ्याच दिवशी पहाटे सहाला रांगेत उभी! तिला ‘लसविरोधक’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

– ‘लससंकोच’ कसा वाटतो?

संकोच लाजेकडे, भिडेकडे झुकतो. ‘लसभय’ म्हटलं तर फक्त भीतीच उरते. या विषयाचे अभ्यासक तीन गोष्टी पाहतात: लशीवर आणि ती देणाऱ्यांवर विश्वास आहे का, आजाराबद्दल माणूस निर्धास्त आहे का, आणि लस सोयीने मिळते का. ‘मला काय होतंय’ म्हणणाऱ्याची ती चालढकल, मावशीची ती का-कू. लेखात मी तरी ‘लशीबाबतची चलबिचल’ लिहीन. तिच्यात हो म्हणायला जागा राहते.

– ‘लसीबाबत’ हवं ना?

दोन्ही रूढ आहेत. म्हैस–म्हशीचा, तसं लस–लशीचा. मला हेच कानाला बरं वाटतं. ‘लसीकरण’ मात्र तसंच ठेवावं.

– माझी आजी ‘देवी काढणं’ म्हणायची.

हो, देवीच्या रोगाची लस टोचणं म्हणजे ‘देवी काढणं’. आणि ‘लस’ हा शब्दही त्याच काळात नेतो. लस म्हणजे मुळात जखमेतून, फोडातून पाझरणारं पाणी. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली, ती भारतातली पहिली. मग तिच्या दंडावरच्या फोडातली लस पुढच्या मुलांना टोचली गेली. परक्या अंगातलं पाणी आपल्या लेकराच्या अंगात! त्या आयाही कचरल्या असतील, तर त्यालाही विरोध म्हणायचं का?