मदत हवी आहे: पावडरचा डबा तीन दिवसांत संपतो, आईचं दूध साठवायचं कसं?

बाळ चार महिन्यांचं, आई कामावर रुजू. दिवसाला सहा वेळा १५० मिली, म्हणजे ३० चमचे पावडर. ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम तीन दिवस. घरचे म्हणतात, 'पाचाऐवजी चार चमच्यांत भागव.' ते नकोच: पोट भरतं, पण वजन अडतं. गाईचं दूधही वर्षाच्या आत नको, त्यात लोह फारच कमी.

म्हणून हाताने काढलेलं दूध. २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. पण इथे नागपूरचा मे, आणि कामावर फ्रिज नाही! बर्फाच्या पॅकवर नऊ तास गार ठेवणारा स्वस्त डबा कोणता घ्यावा? आणि उकळता येईल असं स्टीलचं बोंडलं कुठे मिळेल?