प्रतिसाद: नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही

फसवणुकीच्या चॅटचा स्क्रीनशॉट छापून पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात दिला की काम झालं, असं या चर्चेत वर कुणी म्हटलंय. तसं नाही! मूळ फोन हजर करणार नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र लागतंच. जालन्याच्या निवडणूक खटल्यात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं (पुराव्याच्या नव्या कायद्याचं) कलम 63 लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राचा भाग 'अ' तुम्ही भरायचा, 'ब' तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू येते (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल जराही बदलली की तोही बदलतो), आणि घोळ होतो तो इथेच. उदाहरणार्थ, सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की ते कॉम्प्रेस होतं, हॅश बदलते. म्हणून डीव्हीआरवरून (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रावरून) थेट पेनड्राइव्हवर घ्या, लगेच हॅश काढा. तेही लवकरात लवकर, कारण डिस्क भरली की डीव्हीआर जुनं पुसतो.