दुखापतीनंतर, थंडीत अर्धमॅरेथॉन : तुमचे अनुभव

काल हिवाळी कपडे उन्हात टाकताना लोकरी हातमोज्यांच्या घडीत एक जुना बिब, म्हणजे शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, सापडला. चारही कोपऱ्यांवर सेफ्टी पिनांच्या गंजाचे डाग होते आणि मागच्या बाजूला माझ्याच अक्षरात लिहिले होते, "पहिले ५ किलोमीटर सावकाश." बिब हातात घेतला आणि ४ अंश तापमानाची ती सकाळ जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहिली.

त्याआधी दोनदा मी नाव नोंदवून माघार घेतली होती. टाचेवरची अकिलीस कंडरा सुजून जाड झाली होती आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा पावले भिंत धरून टाकावी लागत. फिजिओथेरपिस्टांनी दिलेला व्यायाम स्वीडनचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा होता. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून दुखऱ्या पायाची टाच सावकाश खाली सोडायची आणि वर येताना चांगल्या पायाचा आधार घ्यायचा. गुडघा सरळ ठेवून १५ वेळांचे तीन संच, गुडघा वाकवून तितकेच, आणि हे सारे दिवसातून दोनदा. म्हणजे १२ आठवडे रोज १८० वेळा. मी एकही दिवस चुकवला नाही.

शर्यतीत मला सर्वांत अवघड गेले ते हे ओळखणे, की पायातला ताठरपणा थंडीचा आहे की जुने दुखणे परत येत आहे. थंड पडलेले स्नायू उशिरा सैल होतात आणि मनात भीती असली की लहानशी कळही मोठी वाटते. तिसऱ्या किलोमीटरनंतर पाय मोकळा होऊ लागला, तेव्हा मला धावता धावता रडू आले. तरीही खरे उत्तर मिळाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवताना, कारण कंडरा तापली की गप्प बसते आणि तक्रार नंतर करते. दुखापतीनंतर थंडीत २१.०९७५ किलोमीटर धावलेल्यांनी हा फरक कसा ओळखला, ते कृपया लिहावे.

*

माझ्या नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ताणाने पडणारी बारीक चीर) झाले होते आणि तिथे हे गणित निराळे असते. स्नायूंचा ताठरपणा अंग तापल्यावर ओसरतो. हाडाचे दुखणे मात्र प्रत्येक किलोमीटरला वाढत जाते आणि त्याची जागा एका बोटाने नेमकी दाखवता येते. पहिल्या वेळी मी ते थंडीच्या नावावर खपवले आणि मग आठ आठवडे धावणे बंद ठेवावे लागले. परतताना अमेरिकी धावपटू व प्रशिक्षक जेफ गॅलोवे यांची, मध्ये मध्ये चालण्याची पद्धत धरली. चार मिनिटे धावून एक मिनिट चालणे उबदार हवेत छान जमले होते, पण हिवाळ्यात त्या एका मिनिटात पाठीवरचा घाम गार पडे आणि पोटऱ्या पुन्हा आखडत. चालणे ३० सेकंदांवर आणले, तेव्हा शर्यत पूर्ण झाली.

*

ताई, सुरुवातीच्या रेषेमागे पाऊण तास ताटकळावे लागते, तेव्हा पाय गरम कसे ठेवलेत? माझा मांडीमागचा स्नायू तिथेच आखडतो.

*

धागा माझाच असल्याने लगेच उत्तर देते. टाकून देता येईल असा जुना स्वेटर आणि सैल पायजमा वरून घातला होता, आणि शेवटची दहा मिनिटे जागच्या जागी गुडघे उचलत राहिले. आतले कपडे मात्र हवा दहा अंशांनी उबदार आहे असे समजूनच निवडावेत. सुती बनियन टाळावे, कारण ते घाम धरून ठेवते.

*

पाण्याबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. थंडीत तहान लागत नाही, पण घाम येतच असतो. मी वाटेतली पाण्याची तीन टेबले न पिताच ओलांडली आणि शेवटी शेवटी फार थकलो.

*

मी पूर्ण करू शकले नाही, तरीही लिहिते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला आयटी बँडचा (कमरेपासून गुडघ्यापर्यंत मांडीच्या बाहेरून जाणाऱ्या जाड पट्ट्याचा) त्रास होता, तो बरा झाला असे समजून उतरले. तेराव्या किलोमीटरपर्यंत पाय हलका होता. पुढे लांब उतार लागला आणि पाऊल टेकताना दर वेळी त्याच जागी सुरी फिरल्यासारखे होऊ लागले. मी एका बाजूला झुकून धावू लागले, आणि धावण्याची ढब बदलली की थांबायचे, हे मी स्वतःला आधीच बजावलेले होते. सोळाव्या किलोमीटरला थांबले.

थांबल्यानंतर काय होते, याची मला कल्पना नव्हती. पाच मिनिटांत दात वाजू लागले आणि ओला शर्ट पाठीला बर्फासारखा चिकटला. एका स्वयंसेविकेने चंदेरी फॉइल माझ्या खांद्यांभोवती गुंडाळले, त्याची टोके माझ्या मुठीत दिली आणि गाडी येईपर्यंत माझे हात स्वतःच्या हातांत धरून ठेवले. त्या बाईंचे नावही मला माहीत नाही. तेव्हापासून थंडीतल्या प्रत्येक लांब धावेला मी कमरेच्या पाऊचमध्ये फॉइल घेऊन जाते आणि माझ्याबरोबर धावणाऱ्यांनाही घ्यायला लावते.

*

तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. माझ्या दोन्ही माघारी घरूनच घेतलेल्या होत्या. सोळाव्या किलोमीटरला, पाय चालत असताना थांबणे मला जमले असते असे वाटत नाही. उतारासाठी नंतर काही वेगळा सराव केलात का? माझ्या पुढच्या शर्यतीच्या मार्गावर शेवटचे ३ किलोमीटर उतारच आहे.

*

हो, केला. कुशीवर झोपून पाय वर उचलण्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा केले आणि उतारावर पावले लहान, पण जलद टाकायला शिकले. पहिला महिनाभर उतार फक्त चालत उतरले.