शेअरपॉइंटमधली डॉक्युमेंट्स बाहेरून कोडने कशी शोधायची?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, आमच्या ऑफिसात शेअरपॉइंट २०१९ (मायक्रोसॉफ्टची डॉक्युमेंट्स ठेवायची प्रणाली) आहे, ऑफिसच्याच सर्व्हरवर. मला माझ्या पीसीवरून सी शार्पच्या छोट्या प्रोग्रॅमने टेंडरची सगळी डॉक्युमेंट्स शोधून यादी काढायचीय. सर्व्हरवरची डीएलएल (शेअरपॉइंटच्या तयार कोडची फाइल) आणून त्यातला एसपीसाइट हा क्लास वापरला तर वेब अ‍ॅप्लिकेशन सापडत नाही अशी एरर येते आणि तोच पत्ता ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडतो. शेअरपॉइंटची जुनी एएसएमएक्स वेब सर्व्हिस वापरू का?

उत्तर:
एसपीसाइट फक्त शेअरपॉइंट बसवलेल्या मशीनवरच चालतं, तुझ्या पीसीवर कितीही डीएलएल टाकल्यास तरी काही होणार नाही. एएसएमएक्सच्या नादी लागू नकोस, नवीन कामात ती घेऊच नये. सरळ रेस्ट (वेब पत्त्यावरून माहिती मागायची पद्धत) वापर, साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश अंडरस्कोर एपीआय, मग स्लॅश सर्च स्लॅश क्वेरी, आणि क्वेरीटेक्स्ट या पॅरामीटरमध्ये सिंगल कोटात काय शोधायचं ते, उदा. टेंडर हा शब्द आणि पुढे फाइलटाइप पीडीएफ. अ‍ॅक्सेप्ट हेडरमध्ये जेसन (कोडला वाचायला सोपा फॉरमॅट) माग, नाहीतर एक्सएमएल येतं. विंडोज लॉगिन असेल तर डिफॉल्ट क्रेडेन्शियल्स चालू केलेस की झालं.

प्रश्नकर्ता:
चाललं, खूप आभार! पण टोटलरोज (एकूण सापडलेल्या ओळी) दीड हजारावर आणि हातात येतात फक्त १०?

उत्तर:
काही सांगितलं नाही तर १०च देतं. रोलिमिट (किती ओळी हव्यात तो आकडा) दे, पण ५०० च्या वर जात नाही. त्यापुढचं काढायला डॉकआयडीवर (सर्चच्या इंडेक्समधला त्या डॉक्युमेंटचा नंबर) चढत्या क्रमाने सॉर्ट कर, शेवटच्या ओळीचा डॉकआयडी धरून ठेव आणि पुढच्या क्वेरीत इंडेक्सडॉकआयडी त्याहून मोठा अशी अट घाल, रिकामं येईपर्यंत फिरव. स्टार्टरोनेही (कितव्या ओळीपासून द्यायचं तो आकडा) होतं पण फार पुढच्या पानांवर ते रेंगाळतं. आणि ट्रिमडुप्लिकेट्स फॉल्स करच, टेंडरं सगळी एकाच साच्यातली असतात, सर्च त्यांना एकसारखी समजून गाळून टाकतो आणि यादी अपुरी राहिलीय हे कळतही नाही.

दुसरं उत्तर:
वरचं सगळं बरोबर, पण ज्या खात्याने कोड चालतो त्याला जेवढं वाचायची परवानगी तेवढंच दिसणार. म्हणून साहेबांच्या आणि तुझ्या यादीत फरक पडला तर आधी परवानग्या बघ, कोड नंतर. आत्ता अपलोड केलेली फाइलही लगेच मिळत नाही, क्रॉल होऊन (म्हणजे सर्चने ती वाचून) इंडेक्समध्ये यावी लागते. टेंडर नंबरचा वेगळा कॉलम असेल तर अ‍ॅडमिनकडून तो मॅनेज्ड प्रॉपर्टीला (सर्चला ज्यावर शोधता येतं असं फील्ड) जोडून घे, मग थेट नंबराने शोधता येईल. जोडल्यावर लायब्ररीचा री-इंडेक्स करायला सांग, नाहीतर जुन्या फाइली त्यात येणार नाहीत.