समाजकार्याचे वैयक्तिक उद्दिष्ट तासांत मोजावे का?

धागा सुरू करणारे : अर्धविराम

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली ५ डिसेंबर हा आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन म्हणून ठरवला. त्या सुमारास ‘आपणही काहीतरी केले पाहिजे’ असे मला दरवर्षी वाटत असे, आणि ते वाटणे पुढच्या डिसेंबरापर्यंत जसेच्या तसे शिल्लक राहत असे. गेल्या वर्षी मात्र मी वहीत लिहून टाकले : वर्षभरात १०० तास, दर शनिवारी दुपारचे जेवण झाले की दोन तास. वर्षाअखेर ९४ भरले. ‘मी हे करीन’ अशा नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक वेळ आली की अमुक करीन’ असा बांधलेला बेत तडीस जाण्याची शक्यता अधिक असते, असे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली मांडले होते. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. बचतीला आकडा चालतो, व्यायामाला चालतो, मग मदतीलाच तो का वर्ज्य असावा? विरोधी मते अवश्य मांडावीत.

पायवाट :

विरोध नोंदवतो. एखादे मोजमाप हेच लक्ष्य ठरले की त्या मोजमापाचा भरवसा उरत नाही, हा विचार अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जातो; त्यांनी तो १९७५ साली चलनविषयक धोरणासंदर्भात मांडला असला, तरी समाजकार्याला तो तंतोतंत लागू पडतो. आमच्या गटाने एका पावसाळ्यात ५०० रोपे लावण्याचे ठरवले होते. खड्डे मोजले गेले, रोपे मोजली गेली, छायाचित्रेही निघाली. उन्हाळ्यात पाणी घालायला मात्र आम्ही तिघेच होतो, कारण पाणी घालण्याचा आकडा कुणाच्याच उद्दिष्टात नव्हता. किती रोपे जगली, हे सांगायची आजही लाज वाटते.

दुसरे असे की, १९७३ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगितले गेले, आणि पुढे मोकळ्या वेळेत त्याच मुलांची चित्रे काढण्याची ओढ कमी झालेली दिसली. तुमच्या वहीतले १०० तास हे असेच स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्र आहे.

अर्धविराम :

हा दाखला येथे बसत नाही. त्याच प्रयोगात ज्या मुलांना बक्षीस अचानक, नंतर दिले गेले, त्यांची ओढ कमी झाली नव्हती. म्हणजे दोष आधी कबूल केलेल्या बक्षिसाच्या आमिषाचा आहे, स्वतःच्या हिशेबाचा नव्हे. माझी वही कुणी पाहत नाही. रोपांचा मुद्दा मात्र मान्य आहे.

शेवटचा बाक :

मी स्वयंसेवकांच्या वेळा जुळवण्याचे काम करतो, म्हणून थोडे रुक्ष लिहितो. आमच्याकडे हौसे, नवसे आणि गवसे तिन्ही येतात, आणि तिघांचेही नव्याचे नऊ दिवस सारखेच उत्साहाचे असतात. दहाव्या दिवशी जो येतो, त्याच्या मनात करुणा आहे की वहीतला आकडा, हे तपासायला मला सवड नसते.

रक्तदानाचेच पाहा. साठवलेल्या लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाच ते सात दिवसच. एखाद्या दिनविशेषाला रांगा लागल्या आणि पुढचे दोन महिने कुणी फिरकले नाही, तर त्या रांगांचा उपयोग मर्यादितच. एकदा दिल्यावर पुन्हा देण्याआधी काही आठवडे किंवा महिने थांबावे लागत असल्याने सगळ्यांनी एकाच दिवशी देणे हेच मुळात गैरसोयीचे. येथे भावना उचंबळण्यापेक्षा दिनदर्शिकेवरची खूण अधिक कामाची ठरते.

पायवाट :

रक्ताच्या पिशवीला देणाऱ्याचे मन कळत नाही, माणसाला कळते. इथेच तर घोडे पेंड खाते. तास भरण्यासाठी आलेला माणूस पाट्या टाकतो, आणि ते समोरच्याला लपत नाही.

कानोसा :

मी दृष्टिहीन आहे. परीक्षेला लेखनिक आणि एरवी वाचून दाखवणारी माणसे मला वर्षानुवर्षे लागत आली आहेत, म्हणजे या चर्चेत ज्याला आपण ‘समोरचा’ म्हणत आहात, ती मी. (इथवर आम्हाला कुणी काही विचारले नाही, याची गंमत वाटली.)

पायवाट यांचे निरीक्षण खरे आहे. एक गृहस्थ नेमाने दोन तास वाचायला येत. शेवटची दहा मिनिटे उरली की त्यांचा आवाज वर सरके, स्वल्पविराम गळू लागत आणि पाने भराभर उलटल्याचे ऐकू येई. वेळ संपली की प्रकरण जिथे असेल तिथे थांबे. एकदा सिद्धतेच्या दोनच पायऱ्या राहिल्या होत्या. त्या मला चार दिवसांनी मिळाल्या.

तरीही मी त्यांचीच बाजू घेईन. याच्या उलट, अतिशय जिव्हाळ्याने वाचणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना मनापासून वाटे तेव्हा त्या येत, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांना तसे वाटले नाही. पाट्या टाकणाऱ्या गृहस्थांच्या भरवशावर मी उत्तीर्ण झाले. तेव्हा उद्दिष्ट जरूर ठरवावे, पण एकक आम्हाला विचारून ठरवावे. मला तास नको होते, प्रकरणे हवी होती.

पायवाट :

कानोसा यांच्यापुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतो, हे कबूल करतो. रोपांनाही कुणी विचारले असते तर त्यांनी खड्ड्यांऐवजी पाणीच मागितले असते. मात्र शेजारच्या आजारी माणसापाशी जाऊन बसणे मी वहीत लिहिणार नाही. तिथे एकक कुठले धरायचे, हे त्याला विचारायलाच मला संकोच वाटेल.

अर्धविराम :

तो संकोच मलाही आहे, पण त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शनिवारी मी एका विद्यार्थ्याला गणित शिकवतो. आज त्याला प्रथमच विचारले की वर्षभरात तुला नेमके काय हवे आहे. तो म्हणाला, दोन तास फार होतात, एकच तास पुरे, पण आठवड्यातून दोनदा या. बुधवार मला गैरसोयीचा आहे. १०० चा आकडा खोडला आहे. बुधवारचे अजून ठरलेले नाही.